अल्काट्राझ : खडकावरचा तुरुंग आणि पडद्यावरचा तुरुंग

बेट आणि तुरुंग हे दोन शब्द एकत्र उच्चारले कीं मराठी माणसाच्या मनांत प्रथम अंदमान उभें राहतें. पाश्चात्य देशांत तेच दोन शब्द ऐकून लोकांना आठवण होते ती अल्काट्राझची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को शहरासमोरच्या खाडींत, किनाऱ्यापासून सुमारें सव्वा मैलावर हा खडक आहे. त्याचा विस्तार अवघा २२ एकर. मध्यवर्ती सरकारचा तुरुंग म्हणून तो १९३४ पासून १९६३ पर्यंत चालला, आणि त्या २९ वर्षांत मिळून कैद्यांना जे क्रमांक देण्यांत आले ते १,५७६. एका वेळीं तेथें सरासरीनें २६०-२७० कैदी असत. सगळ्या कोठड्या कधींच भरल्या नाहींत. एवढ्याशा तुरुंगाचें नांव जगाच्या कानाकोपऱ्यांत जावें, ज्यांनीं सॅन फ्रान्सिस्कोचा नकाशाही पाहिला नाहीं त्यांना तेथील कोठड्यांच्या रांगा ओळखीच्या वाटाव्या, ही किमया मुख्यतः चित्रपटांची आहे.

चित्रपटांनीं हा तुरुंग जगाला दाखविला खरा. पण दाखवितां दाखवितां तेथल्या माणसांत पुष्कळ फेरफार करून टाकले. जे खुनी होते त्यांतले कांहीं पडद्यावर साधु झाले. जे अधिकारी सामान्य कारकुनी वृत्तीचे होते ते राक्षस झाले. आणि ज्यांनीं कोणाचेंही कांहीं बिघडविलें नव्हतें असे जे कैदी या बेटावर खरोखर राहून गेले, त्यांच्याकडे कॅमेरा फारसा वळलाच नाहीं. हें कसें झालें तें समजण्यासाठीं बेटाचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे.

नांव स्पॅनिश आहे. १७७५ सालीं हुआन मानुएल दे आयाला या स्पॅनिश दर्यावर्दीनें ही खाडी प्रथम नकाशावर आणली आणि तींतील एका बेटाला तेथील जलपक्ष्यांवरून नांव दिलें. पुढें नकाशे काढणारांच्या हातून तें नांव सरकत सरकत आजच्या खडकाला येऊन चिकटलें. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाहीं; भोंवतालचें पाणी बाराही महिने थंडगार, आणि भरती-ओहोटीचा ओघ असा कीं पट्टीच्या पोहणारानेंही विचार करावा. कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्यावर सॅन फ्रान्सिस्कोकडे जहाजांची रीघ लागली. त्या बंदराच्या रक्षणासाठीं १८५० सालीं अध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांनीं हें बेट लष्कराकरितां राखून ठेविलें. तटबंदी उठली, तोफा चढल्या, १८५४ सालीं दीपगृह पेटलें. पॅसिफिक किनाऱ्यावरील अमेरिकेचें तें पहिलें दीपगृह. तोफांना मात्र शत्रूशीं लढण्याचा प्रसंग कधींच आला नाहीं. कैदी ठेवण्यास ही जागा फार सोयीची आहे, एवढाच बोध लष्कराला त्यांतून झाला, आणि यादवी युद्धाच्या आरंभीं, १८६१ सालीं, अल्काट्राझ हा रीतसर लष्करी तुरुंग बनला.

या लष्करी काळांतील दोन प्रकारचे कैदी विशेष ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. १८९५ सालच्या जानेवारींत ॲरिझोनांतील होपी जमातीचे १९ पुरुष तेथें आणण्यांत आले. चोरी, मारामारी, दंगा यांपैकीं कांहींच त्यांनीं केलें नव्हतें. सरकारनें मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं वसतिगृहाच्या शाळा काढल्या होत्या. त्या शाळांत मुलांचे केस कापीत, त्यांना आपली भाषा बोलूं देत नसत, त्यांचीं नांवेंसुद्धां बदलून टाकीत. या होपी बापांनीं आपलीं मुलें तेथें पाठविण्यास नकार दिला. जमातीची जमीन तोडून वांटून देण्याच्या सरकारी बेतालाही त्यांचा विरोध होता. एवढ्या अपराधासाठीं रुक्ष वाळवंटांतल्या त्या शेतकऱ्यांना समुद्रांतील खडकावर सात-आठ महिने डांबून ठेवण्यांत आलें. दुसरा प्रकार पहिल्या महायुद्धांतला. मनुष्यहत्या आपल्या सदसद्विवेकबुद्धीला मान्य नाहीं म्हणून ज्यांनीं शस्त्र हातीं धरण्याचें नाकारलें, अशांपैकीं कांहीं जणांची रवानगी याच बेटावर झाली. पुढें ज्या प्रचंड काँक्रीटच्या इमारतीनें जगावर दहशत बसविली ती १९१२ सालीं पुरी झाली. आणि ती बांधण्यासाठीं राबले तेही लष्करी कैदीच.

१९३३ सालीं लष्करानें बेट न्यायखात्याच्या स्वाधीन केलें. तो काळ अमेरिकेंत मोठा कठीण होता. दारूबंदीच्या तेरा वर्षांत चोरट्या दारूवर गबर झालेल्या टोळ्या शहराशहरांतून माजल्या होत्या. त्यांचे नायक पकडले तरी तुरुंगांत बसून पैशाच्या जोरावर पहारेकरी विकत घेत आणि राजासारखे राहत. सरकारची यांत फार नाचक्की होई. महान्यायवादी होमर कमिंग्ज यांनीं यावर तोड काढली ती अशी कीं, इतर तुरुंगांना न जुमानणाऱ्या कैद्यांसाठीं एक निराळाच तुरुंग असावा, आणि त्याचा नुसता उल्लेख होतांच इतर कैद्यांनीं वळणावर यावें. सॅन फ्रान्सिस्कोच्या नागरिकांना आपल्या दारांत हें बिऱ्हाड नको होतें. या खाडींतून मनुष्य पोहून येऊं शकतो हें दाखविण्यासाठीं १९३३ सालीं कांहीं तरुणींनीं बेटापासून किनाऱ्यापर्यंत पोहून दाखविलें. सरकारनें तिकडे लक्ष दिलें नाहीं. १९३४ सालच्या ऑगस्टमध्यें बंद खिडक्यांच्या आगगाडीच्या डब्यांतून कैद्यांच्या टोळ्या येऊं लागल्या.

पहिले तुरुंगाधिकारी जेम्स जॉन्स्टन यांनीं घालून दिलेली व्यवस्था मोठी चमत्कारिक होती. तींत मारझोडीपेक्षां कंटाळ्यावर भर अधिक होता. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी. लांबी नऊ फूट, रुंदी पांच फूट. दर तीन कैद्यांमागें सुमारें एक पहारेकरी. नियमावलींत स्पष्ट म्हटलें होतें कीं, अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी एवढ्यावरच कैद्याचा हक्क आहे. बाकी जें कांहीं मिळेल ती मेहेरबानी. म्हणजे काम करणें हीसुद्धां मेहेरबानी! दिवसभर कोठडींत नुसतें बसून काढल्यानंतर हीं माणसें धोबीखान्यांत राबण्यासाठीं अर्ज करीत. महिन्यांतून एक भेट, तीही कांचेआडून, पत्रें तपासून, वर्तमानपत्र नाहीं, आणि पहिलीं कांहीं वर्षें तर एकमेकांशीं बोलण्याचीही बंदी. जेवण मात्र चांगलें असे, कारण तुरुंगांतील बंडें पोटांतून उठतात असें जॉन्स्टन यांचें मत होतें. त्याच जेवणाच्या दालनांत छताला अश्रुधुराचे डबे टांगलेले असत, हेंही सांगितलें पाहिजे. वरच्या मजल्यावरील प्रार्थनामंदिरांत कैद्यांना अधूनमधून चित्रपटही दाखवीत. १९५५ सालीं तर प्रत्येक कोठडींत कानाला लावून रेडिओ ऐकण्याची सोय झाली. वारा अनुकूल असला म्हणजे नववर्षाच्या रात्रीं पैलतीरावरील मेजवान्यांचे हास्यविनोद कोठड्यांपर्यंत ऐकूं येत, असें कित्येक जुन्या कैद्यांनीं पुढें सांगितलें आहे. त्यांच्या लेखीं या तुरुंगांतील सर्वांत मोठी शिक्षा तीच होती.

जॉन्स्टन यांनीं आणखी एक गोष्ट केली, आणि चित्रपटांच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची ठरली. त्यांनीं वार्ताहरांना बेटाचा दरवाजा बंद केला. हेतु असा कीं गुंडांना प्रसिद्धि मिळूं नये. परिणाम अगदीं उलट झाला. आंत काय चाललें आहे हें कोणालाच ठाऊक नसल्यामुळें ज्याच्या मनाला येईल तें तो छापूं लागला, आणि वर्तमानपत्रांच्या पाठोपाठ हॉलिवुड धांवलें. १९३७ सालींच ‘अल्काट्राझ आयलंड’ आणि १९३८ सालीं ‘किंग ऑफ अल्काट्राझ’ असे बोलपट निघाले. तुरुंग उघडून चार वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच त्याचें नांव तिकिटें खपविण्यास पुरेसें झालें होतें.

त्या वेळचा सर्वांत प्रसिद्ध कैदी आल कापोन. शिकागोचा हा बादशहा करचुकवेगिरीच्या आरोपाखालीं शिक्षा भोगीत होता. येथें त्याला ८५ हा क्रमांक मिळाला. आल्याबरोबर त्यानें अधिकाऱ्यांना वश करण्याचा प्रयत्न करून पाहिला. तो साधला नाहीं. १९३६ सालीं एका कैद्यानें त्याला कात्रीनें भोंसकलें. तो तुरुंगाच्या वाद्यवृंदांत बँजो वाजवी. गरमीच्या जुन्या रोगानें त्याची बुद्धि ढांसळत चालली आणि १९३९ च्या जानेवारींत त्याला तेथून हलविण्यांत आलें. अशा माणसावर भव्य बोलपट निघणें कठीण. म्हणून पडद्यावरचा कापोन नेहमीं शिकागोंत सांपडतो. बँजो वाजविणारा, विसराळू कापोन कोणाला हवासा वाटत नाहीं.

पडद्यासाठीं निवड झाली ती रॉबर्ट स्ट्राउड याची. १९६२ सालीं जॉन फ्रँकनहायमर यांनीं दिग्दर्शिलेला ‘बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ’ हा बोलपट आला. टॉमस गॅडिस यांच्या १९५५ सालच्या पुस्तकावर तो आधारलेला होता. बर्ट लँकेस्टर या विख्यात नटानें त्यांत एक शांत, विचारी, पक्ष्यांवर जीव लावणारा वृद्ध कैदी असा कांहीं उभा केला आहे कीं प्रेक्षकाचे डोळे पाणावल्याशिवाय राहत नाहींत. खरा स्ट्राउड कोण होता? १९०९ सालीं अलास्कांत त्यानें एका मनुष्याला गोळी घालून ठार केलें. १९१६ सालीं लेव्हनवर्थच्या तुरुंगांत, शेंकडों कैद्यांदेखत, त्यानें अँड्र्यू टर्नर या पहारेकऱ्याला भोंसकून मारलें. फांशीची शिक्षा झाली. आईनें थेट अध्यक्षांपर्यंत धांव घेतली आणि १९२० सालीं अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनीं ती शिक्षा जन्मठेपेवर आणली. त्यानंतर लेव्हनवर्थलाच त्यानें पक्षी पाळले. घरट्यांतून पडलेल्या चिमण्यांपासून आरंभ करून त्यानें शेंकडों कॅनरी पक्षी वाढविले, त्यांच्या रोगांचा अभ्यास केला आणि त्यावर ग्रंथही लिहिला. पक्ष्यांविषयीं त्याचें ज्ञान खरोखर वाखाणण्यासारखें होतें. १९४२ सालच्या अखेरीस त्याला अल्काट्राझला हलविलें, तें पक्ष्यांवांचून. म्हणजे ‘अल्काट्राझचा पक्षिमित्र’ म्हणून जगानें ज्याला ओळखलें त्यानें अल्काट्राझवर एकही पक्षी पाळला नाहीं. तेथें त्यानें १७ वर्षें काढलीं, सहा वर्षें एकांतवासाच्या कोठड्यांत आणि अकरा वर्षें रुग्णालयांत. त्याच्याबरोबर राहिलेल्या कैद्यांनीं पुढें त्याचें जें वर्णन केलें आहे त्यांत दयाळूपणा औषधालाही सांपडत नाहीं.

येथपर्यंत ठीक. नाटक-सिनेमांत थोडाफार मीठमसाला घालावाच लागतो, असें कोणी म्हणेल. परंतु या मीठमसाल्याखालीं एक मोठा प्रश्न झांकला गेला. स्ट्राउडनें आयुष्याचीं चाळीसहून अधिक वर्षें एकांतवासांत काढलीं. मनुष्याला इतका काळ एकटें कोंडून ठेवावें काय, हा प्रश्न तो मनुष्य दुष्ट असला तरी उरतोच. किंबहुना तो दुष्ट असला तरच त्या प्रश्नाला खरी धार येते. सज्जनाला छळूं नये हें कोणीही कबूल करील. बोलपटानें कैद्याला आधीं सज्जन करून घेतलें आणि मग त्याच्यासाठीं अश्रु मागितले. स्वतः स्ट्राउडला तो बोलपट पाहूं दिला गेला नाहीं. १९६३ सालच्या नोव्हेंबरांत तो मिसूरींतील तुरुंगाच्या रुग्णालयांत मरण पावला.

हाच प्रकार पुढें हेन्री यंगच्या बाबतींत अधिक ढोबळपणें झाला. यंग हा बँका लुटणारा होता आणि त्याच्या नांवावर एक खूनही होता. १९३९ च्या जानेवारींत चार साथीदारांसह त्यानें एकांतवासाच्या कोठडीचे गज कापून पळण्याचा प्रयत्न केला. किनाऱ्यावरच सगळे सांपडले, आणि त्यांतील डॉक बार्कर गोळी लागून मेला. पुढें १९४० सालीं यंगनें त्याच प्रयत्नांतील साथीदार रूफस मॅकेन याला भोंसकलें. १९४१ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत खटला चालला. यंगच्या तरुण वकिलांनीं आरोपीऐवजीं तुरुंगालाच पिंजऱ्यांत उभें केलें. एकांतवासानें मनुष्याचें मन कसें मोडतें हें कैद्यांच्या तोंडून न्यायालयांत प्रथमच जाहीर झालें, आणि पंचांनीं खुनाचा आरोप बाजूस सारून हेतूविरहित मनुष्यवधाचा हलका निर्णय दिला. ही हकीकत मुळांतच केवढी नाट्यमय आहे! तरी १९९५ सालच्या ‘मर्डर इन द फर्स्ट’ या बोलपटाला ती पुरली नाहीं. त्यांतला यंग हा भुकेल्या बहिणीसाठीं पांच डॉलर चोरणारा अनाथ पोर आहे. त्याला तीन वर्षें अंधाऱ्या तळघरांत कोंडतात, आणि शेवटीं अल्काट्राझवरच त्याचा अंत होतो. खरा यंग अल्काट्राझवर मेला नाहीं. १९४८ सालीं तो तेथून हलला, दुसऱ्या तुरुंगांत जुन्या खुनाची शिक्षा भोगून १९७२ सालीं अटीवर सुटला, आणि नंतर बेपत्ता झाला.

१९४६ सालच्या मे महिन्याच्या २ ते ४ तारखांस या बेटावर जें घडलें त्याला ‘अल्काट्राझची लढाई’ असेंच नांव पडलें आहे. बर्नार्ड कॉय या कैद्यानें छताजवळच्या सशस्त्र पहाऱ्याच्या सज्जाचे गज फांकविण्याचें साधन तयार केलें, आंत शिरून पहारेकऱ्यास लोळविलें आणि बंदुका खालीं टाकल्या. सहा कैदी त्यांत सामील होते. पटांगणाच्या दाराची किल्ली तेवढी त्यांना मिळेना, कारण विल्यम मिलर नांवाच्या पहारेकऱ्यानें ती लपवून ठेविली होती. त्या एका किल्लीवर सगळा बेत फसला. ओलीस धरलेल्या पहारेकऱ्यांवर कोठडींत कोंडून गोळ्या झाडण्यांत आल्या. मिलर मरण पावला. इमारत परत घेतांना हॅरॉल्ड स्टाइट्स हा दुसरा पहारेकरी पडला. आरमारी सैनिकांना बोलवावें लागलें, छपराला भोंकें पाडून आंत बाँब सोडावे लागले. कॉय व त्याचे दोन साथीदार मारले गेले; आणखी दोघांना १९४८ सालीं सॅन क्वेंटिनच्या वायुकोठडींत देहान्त झाला. सहावा क्लॅरेन्स कार्न्स, चोक्टॉ जमातीचा अवघ्या १९ वर्षांचा मुलगा. पहारेकऱ्यांना संपवून टाक असें त्याला सांगण्यांत आलें होतें. त्यानें तें केलें नाहीं, म्हणून तो फांसावांचून राहिला. या घटनेवरून स्फूर्ति घेऊन निघालेला समजला जाणारा ‘ब्रूट फोर्स’ हा बोलपट १९४७ सालीं, म्हणजे वर्षाच्या आंतबाहेरच, आला. आणि योगायोग असा कीं त्यांतही नायक बर्ट लँकेस्टरच. त्यांतील अधिकारी क्रूरकर्मा आहे आणि बंडखोर कैदी उमदे आहेत. किल्ली लपविणारा पहारेकरी त्यांत कोठें दिसत नाहीं.

सर्वांत गाजलें तें १९६२ सालचें पलायन. पळण्याचे एकंदर १४ प्रयत्न झाले, त्यांत ३६ कैदी गुंतले. बहुतेक पकडले गेले, कांहीं गोळीनें वा पाण्यानें मेले. पांच जणांचा मात्र पत्ता लागला नाहीं. त्यांपैकीं दोघे १९३७ सालीं दाट धुक्यांत नाहींसे झाले. उरलेले तिघे म्हणजे फ्रँक मॉरिस आणि जॉन व क्लॅरेन्स हे अँग्लिन बंधु. कोठडीच्या मागल्या भिंतींत वायुवीजनाची छोटी जाळी होती. खाऱ्या हवेनें काँक्रीट ठिसूळ झालेलें. चमच्यांच्या दांड्यांनीं आणि केर ओढण्याच्या यंत्राच्या मोटरीपासून बनविलेल्या गिरमिटानें त्यांनीं महिनोन् महिने ती भिंत कोरली. आवाज लपे तो संध्याकाळच्या वाद्यवादनाच्या तासांत. पन्नासांहून अधिक रबरी कोट चोरून त्यांचा तराफा शिवला. साबण, कागदाचा लगदा आणि रंग यांचीं डोकीं बनवून त्यांवर नाव्ह्याच्या खोलींतले केस चिकटविले, आणि ११ जूनच्या रात्रीं तीं उशीवर ठेवून तिघे पाइपांवरून छपरावर चढले. चौथा साथीदार ॲलन वेस्ट याच्या कोठडीचें भोंक वेळेवर मोठें होईना. तो मागेंच राहिला, आणि आज जी हकीकत ठाऊक आहे ती बरीचशी त्याच्या जबानीवरूनच. सकाळच्या गणतीला पहारेकऱ्यानें उशीवरचें डोकें हलविलें तें जमिनीवर गडगडत गेलें. खाडींत एक वल्हें आणि रबरांत गुंडाळलेलें कागदपत्रांचें पुडकें मिळालें. माणसें मिळालीं नाहींत, प्रेतेंही नाहींत.

डॉन सीगल यांचा ‘एस्केप फ्रॉम अल्काट्राझ’ हा १९७९ सालचा बोलपट याच पलायनावर आहे, आणि या विषयावरील सर्व चित्रपटांत तोच सरस म्हटला पाहिजे. क्लिंट ईस्टवुड त्यांत मोजकेंच बोलतो. पटकथा घाई करीत नाहीं. चमच्यानें भिंत कोरणें म्हणजे काय, हें ती प्रेक्षकाला खरोखर पाहावयास लावते. चित्रीकरण बेटावरच झालें. पडक्या इमारतीची डागडुजी करावी लागली, शहरापासून विजेची कित्येक मैल तार टाकावी लागली. तरी येथेंही जुनी खोड सुटली नाहीं. बोलपटांतील तुरुंगाधिकाऱ्याला नांवच नाहीं; तो केवळ थंड डोळ्यांचा जुलूम आहे. चित्रें काढण्याची परवानगी काढून घेतली म्हणून एक वृद्ध कैदी आपलीं बोटें कुऱ्हाडीनें तोडतो, असा एक प्रसंग त्यांत आहे. बोटें तोडणारा कैदी अल्काट्राझवर खरोखर होता. त्याचें नांव रूफ पर्सफुल. पण ती गोष्ट १९३७ ची. जॉन्स्टनच्या काळांतली वेदना पंचवीस वर्षें पुढें आणून ती निराळ्याच अधिकाऱ्याच्या माथीं मारली गेली. बोलपट उन्हाळ्यांत पडद्यावर आला आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला मध्यवर्ती गुप्तपोलिसांनीं तिघे बुडाले असावेत असें मानून आपला तपास बंद केला. प्रेक्षकांनीं मात्र तोपर्यंत त्यांना सुखरूप पैलतीरीं पोहोंचविलें होतें. पोहून जाणें अशक्य नव्हतें, हें त्याच १९६२ सालच्या डिसेंबरांत जॉन पॉल स्कॉट या कैद्यानें दाखविलें. तो गोल्डन गेटच्या पुलाखालीं किनाऱ्याला लागला. पण थंडीनें असा काकडून बेशुद्ध पडला होता कीं तेथें आलेल्या मुलांना तो मेल्यासारखाच वाटला. त्याला परत बेटावर नेण्यांत आलें.

तीन महिन्यांनीं, २१ मार्च १९६३ रोजीं, शेवटचे २७ कैदी हातकड्या घालून होडींत चढले आणि तुरुंग बंद झाला. पलायनांमुळें किंवा लोकांच्या कळवळ्यामुळें तो बंद झाला असा पुष्कळांचा समज आहे. खरें कारण हिशेबाच्या वहींत होतें. पिण्याचें पाणी, अन्न, इंधन, सारें कांहीं होडींतून आणावें लागे. गोडें पाणीच आठवड्याला सुमारें १० लाख गॅलन. अटलांटाच्या तुरुंगांत दर कैद्यामागें दिवसाला ३ डॉलर खर्च येई, तर येथें १० डॉलर. खाऱ्या वाऱ्यानें लोखंड गंजलें, काँक्रीट सुटूं लागलें, आणि दुरुस्तीचा अंदाज ३० ते ५० लाख डॉलरांवर गेला. महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांनीं टाळें लावण्याचा हुकूम दिला. हॉलिवुडला मात्र रिकामा खडक अधिकच सोयीचा झाला. जॉन बूरमन यांचा ‘पॉइंट ब्लँक’ १९६७ सालीं तेथें चित्रित झाला. १९९६ सालच्या ‘द रॉक’मध्यें बेटाखालीं बोगदे आणि खाणींतल्या गाड्या धांवतात. करमणूक म्हणून तें पाहण्यास हरकत नाहीं. तसे बोगदे मात्र तेथें नाहींत.

बेटावर पुन्हा माणसें आलीं तीं १९६९ च्या २० नोव्हेंबरला. या वेळीं तीं आपण होऊन आलीं. अमेरिकेच्या निरनिराळ्या जमातींच्या मूळ रहिवाशांनीं, त्यांत विद्यार्थी पुष्कळ, बेटाचा ताबा घेतला. सरकारला नकोशी झालेली जमीन आम्हांला परत मिळावी, आणि तेथें आमचें विद्यापीठ, आमचें संस्कृतिकेंद्र व्हावें, अशी त्यांची मागणी होती. रिचर्ड ओक्स हा तरुण त्यांचा पहिला पुढारी. जॉन ट्रुडेल यानें तर बेटावरून ‘रेडिओ फ्री अल्काट्राझ’ या नांवानें ध्वनिक्षेपणही चालविलें. ज्या खडकावर एके काळीं बोलण्याची मनाई होती तेथून रोज संध्याकाळीं आवाज निघूं लागला. सरकारनें वीज तोडली, पाणी तोडलें. १९७० सालच्या आगींत तुरुंगाधिकाऱ्याचा बंगला जळाला. अखेरीस ११ जून १९७१ रोजीं उरल्यासुरल्या लोकांना पोलिसांनीं हलविलें. मॉरिस आणि अँग्लिन बंधूंच्या पलायनाला त्या दिवशीं बरोबर नऊ वर्षें झालीं होतीं. बेट त्यांना मिळालें नाहीं. पण हा ताबा चालू असतांनाच, १९७० च्या जुलैमध्यें, अध्यक्ष निक्सन यांनीं जमाती मोडीत काढण्याचें सरकारी धोरण सोडून दिल्याचें जाहीर केलें.

१९७३ सालापासून हें बेट राष्ट्रीय उद्यानाचा भाग म्हणून लोकांना खुलें आहे, आणि दरवर्षीं दहा लाखांहून अधिक प्रेक्षक होडींतून तेथें जातात. २०२५ सालच्या मे महिन्यांत अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीं हा तुरुंग वाढवून पुन्हा उघडावा असा आदेश दिल्याचें जाहीर केलें. त्या वेळींही वर्तमानपत्रांनीं जीं चित्रें छापलीं त्यांच्या शेजारीं ईस्टवुडच्या बोलपटाची आठवण निघाल्यावांचून राहिली नाहीं. खाऱ्या वाऱ्याचा आणि पाण्याच्या होड्यांचा हिशेब मात्र १९६३ सालीं होता तसाच आहे.

बेटावर उतरणारे लोक बहुधा प्रथम विचारतात तें स्ट्राउडच्या पक्ष्यांविषयीं आणि उशीवरच्या खोट्या डोक्यांविषयीं. धक्क्यावरून वर पाहिलें तर पाण्याचा उंच मनोरा दिसतो. १९६९ च्या मंडळींनीं त्यावर तांबड्या रंगानें शांति आणि स्वातंत्र्याचे, ही इंडियनांची मुक्त भूमि आहे असे शब्द लिहिले होते. मनोरा गंजला तेव्हां उद्यानखात्यानें त्याची दुरुस्ती केली आणि २०१३ च्या सुमारास तेच शब्द पुन्हा जसेच्या तसे रंगवून घेतले. दर नोव्हेंबरांत, आभारप्रदर्शनाच्या सणाच्या दिवशीं, मूळ रहिवासी पहांटेच्या अंधारांत होड्यांतून तेथें येतात, शेकोटी पेटवितात, आणि सूर्य वर येईपर्यंत ढोल वाजवीत उभे राहतात.